कोठाशुद्धीचा डबा आणि वजनाचा काटा

वाचकांचे प्रश्न : पोट आणि पचन

दिवाळीचा फराळ संपला की वजनाविषयीची पत्रे येऊ लागतात, हे या सदराच्या अंगवळणी पडले आहे. यंदा मात्र बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. ‘आतडे शुद्ध करा, वजन आपोआप उतरेल’ असे सांगून विकले जाणारे पंधरा किंवा एकवीस दिवसांचे वनौषधींचे कोर्स सध्या घरोघरी पोहोचलेले दिसतात. म्हणून इतर विषय बाजूला ठेवून या वेळी याच पत्रांना उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांच्या बऱ्याच शंकांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. उंची पाच फूट एक इंच व वजन ७४ किलो आहे. चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्या गल्लीतील एका ताईंकडून मी पंधरा दिवसांचा कोठाशुद्धीचा कोर्स घेतला. पहाटे काढा, दुपारी फक्त ताक व फळे, रात्री चूर्ण आणि दोन गोळ्या असा क्रम आहे. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षे चिकटलेला दोन-चार किलो मळ त्यामुळे सुटतो आणि म्हणून वजन घटते, असे त्यांनी समजावून सांगितले. नऊ दिवसांत माझे वजन साडेतीन किलोंनी उतरले, त्याचा आनंदही झाला. परंतु रोज पाच-सहा वेळा शौचास जावे लागते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि परवा वर्गात फळ्याकडे वळताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ताई म्हणतात, शरीरातले विष बाहेर पडताना असे होणारच, कोर्स मध्येच सोडू नका. डब्यावर सोनामुखी, निशोत्तर, बाळहिरडा, एळिया, सैंधव व इसबगोल ही नावे आहेत. सगळा झाडपालाच असल्याने अपाय होण्याचे कारण नाही ना? उरलेले सहा दिवस पूर्ण करावेत का?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : उरलेले सहा दिवस पूर्ण करू नयेत. अंक छापून आपल्या हाती पडेपर्यंत थांबणे धोक्याचे होते, म्हणून एवढे आपल्याला दूरध्वनीवरून आधीच कळवले होते आणि रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घेण्यासही सांगितले होते. निरोगी माणसाच्या रक्तात पोटॅशियमचा आकडा साधारण ३.५ ते ५ असतो, आपला २.९ आला. आपल्या संमतीनेच तो येथे लिहीत आहे. पोटऱ्यांतील गोळे आणि ती अंधारी कोणत्याही विषाची नव्हती, ती अंगातून वाहून गेलेल्या पाण्याची आणि क्षारांची होती. आपल्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही मिसळलेले आहे, आणि ते औषध पोटॅशियम लघवीवाटे घालवते. वरून रोजच्या जुलाबांनी तोच क्षार शौचावाटे घालवला. पोटॅशियम याहून खाली गेले असते, तर स्नायूंबरोबर हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकले असते, आणि मग वर्गातील अंधारीवर गोष्ट थांबली नसती. त्या ताईंच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्या तक्रारीने औषध थांबवायला हवे, तीच तक्रार औषध लागू पडल्याची खूण म्हणून सांगितली जाते, हा या विक्रीतला सर्वांत घातक भाग आहे, कारण त्यामुळे माणूस डॉक्टरकडे उशिरा पोहोचतो.

आता उतरलेल्या साडेतीन किलोंचा हिशेब करू. शरीरातील एक किलो चरबी जळण्यासाठी सुमारे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. त्या हिशेबाने साडेतीन किलो चरबीला सुमारे २७,००० कॅलरी, म्हणजे नऊ दिवस रोज ३,००० कॅलरींची तूट हवी. आपल्या वजनाच्या व दिनक्रमाच्या स्त्रीचा दिवसाचा एकूण खर्चच २,००० कॅलरींच्या आसपास असतो. नऊ दिवस अन्नाचा कणही पोटात गेला नसता, तरी एवढी चरबी जळू शकली नसती. मग काट्यावर जे कमी दिसले ते काय होते? त्यातला मोठा वाटा पाण्याचा, थोडा आतड्यातल्या नेहमीच्या ऐवजाचा आणि फार तर किलोभर वाटा ताक-फळांवर काढलेल्या दिवसांचा. हा शेवटचा वाटा तेवढा खरा आहे, आणि त्यासाठी डब्याची गरज नव्हती.

पुष्कळांना वाटते की जुलाब झाले म्हणजे खाल्लेले अन्न अंगी लागण्याआधीच निघून गेले. आतड्याची रचना पाहिली की हा समज टिकत नाही. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ सगळे शोषले जातात. त्यापुढच्या दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात पोहोचतो तो मुख्यतः चोथा, पाणी आणि क्षार. सोनामुखी किंवा एळिया काम करतात ते या शेवटच्या भागात, म्हणजे कॅलरी रक्तात जाऊन बसल्यानंतर. वजनाच्या दृष्टीने हे वरातीमागून घोडे झाले. १९८३ साली अमेरिकेतील डॉ. फोर्डट्रॅन यांच्या गटाने हे मोजूनच पाहिले होते. रेचके देऊन चार ते सहा लिटर जुलाब घडवल्यावरसुद्धा अन्नातील कॅलरींचे शोषण जेमतेम १२ टक्क्यांनी घटले. सहा लिटर जुलाब म्हणजे पटकीसारखी अवस्था, आणि एवढे सोसून दोन पोळ्यांइतका फरक!

पाणी गेले की शरीर गप्प बसत नाही. मूत्रपिंडांवरची ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. कोर्स थांबला की हा साठा तीन-चार दिवसांत भरून निघतो, काही जणांच्या तर पावलांवर आणि पापण्यांवर सूज दिसते, आणि काटा होता तिथे येतो, कधी किलोभर पुढेही जातो. माणसाला वाटते की औषध सोडल्यामुळे वजन वाढले, आणि तो दुसरा डबा मागवतो. आपलेही वजन कोर्स थांबवल्यानंतर पाच दिवसांत सव्वादोन किलोंनी वाढल्याचे आपण कळवले आहे. ती चरबी नाही, घाबरू नये.

भिंतीला चिकटलेल्या मळाविषयी. मी रोज दुर्बिणीतून मोठी आतडी पाहते. तपासणीच्या आदल्या दिवशी औषध घेऊन पोट रिकामे केलेल्या रुग्णाचे आतडे, मग तो तिशीतला असो की सत्तरीतला, आतून ओलसर, गुलाबी आणि तोंडाच्या आतल्या त्वचेसारखे तुकतुकीत दिसते. वर्षानुवर्षांचा थर मला आजवर एकाही आतड्यात दिसलेला नाही, आणि दिसणार तरी कसा? आतड्याच्या अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येत असतात. ज्या भिंतीचा गिलावाच आठवड्याला बदलतो, तिच्यावर दहा वर्षांचे पोपडे राहणार कुठे? काही कोर्समध्ये शौचावाटे पडलेल्या रबरासारख्या लांब दोऱ्या छायाचित्रांत दाखवतात. त्या दोऱ्या बहुधा त्याच कोर्समधून आलेल्या असतात, कारण इसबगोल आणि बेंटोनाइट माती पाण्याबरोबर पोटात गेली की फुगून आतड्याच्या आकाराचा साचा तयार होतो. लिंबाचा रस व ऑलिव्ह तेल पाजून ‘पित्ताशयातील खडे’ पाडण्याचा प्रकारही याच जातीचा. ते हिरवट गोळे तपासले असता साबणासारखे, पोटातच तयार झालेले निघाले आहेत.

ही कल्पना नवीन मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये शार्ल बुशार यांनी असे मांडले की आतड्यात कुजणाऱ्या अन्नातून विषे रक्तात जातात आणि माणूस स्वतःच्याच शरीराने विषबाधित होतो. लंडनचे नामांकित शल्यविशारद सर अर्बथनॉट लेन यांनी तर त्यापायी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडीच कापून काढली. पुढे १९१९ साली अमेरिकेतील वॉल्टर अल्वारेझ यांनी दाखवले की गुदाशयात नुसता कापूस भरला तरी तेच डोके जड होणे, तीच मरगळ आणि तीच बेचैनी निर्माण होते. कापसात विष नसते. ताणल्या गेलेल्या गुदाशयातून मज्जातंतूंवाटे ही लक्षणे येतात आणि म्हणून पोट साफ झाल्याक्षणी बरे वाटते. ते बरे वाटणे खरे असते, त्याचा लावलेला अर्थ तेवढा चुकीचा. रक्तातली नको असलेली द्रव्ये निवडण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात, आणि सतत जुलाब होऊन पाणी कमी पडले की त्यातल्या मूत्रपिंडांवरच पहिला ताण येतो.

‘झाडपाला’ या शब्दाविषयीही लिहायला हवे. सोनामुखी हे सौम्य घरगुती पान नसून मोजून द्यावयाचे औषध आहे. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागातून ती जगभर जाते आणि आधुनिक औषधशास्त्राच्या ग्रंथांतही तिला मानाचे स्थान आहे. तिच्यातील सेनोसाइड द्रव्ये मोठ्या आतड्यातील जीवाणूंकडून बदलली जातात आणि सहा ते बारा तासांनी आतडे पिळवटून पाणी सोडते. चार-आठ दिवसांच्या बद्धकोष्ठाला ती उत्तम. महिनोन्‌महिने घेण्यासाठी ती नाही. एळिया म्हणजे कोरफडीच्या पानाच्या सालीखालचा कडू पिवळा चीक वाळवून केलेला खडा. आतल्या पांढऱ्या गराचा आणि त्याचा गुण एक नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये तो चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून काढून टाकला, कारण त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा उत्पादकांकडून पुढे आला नाही. निशोत्तर हे तर आयुर्वेदातील प्रमुख विरेचक. आपल्या डब्यात अशी तीन रेचके एकावर एक रचली होती आणि प्रत्येकाचे प्रमाण किती, हे डब्यावर कोठेही छापलेले नव्हते. माझी आजी रविवारी सकाळी आम्हा भावंडांना रांगेत बसवून चहातून एरंडेल पाजत असे, त्यामुळे रेचकांविषयी माझ्या मनात मुळीच आकस नाही. मात्र आजीचा चमचा ठरलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ भातच देत असे.

मधुमेहाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे कोर्स अजिबात करू नयेत. रोज जुलाब आणि जेवण अपुरे अशा अवस्थेत साखर उतरवणाऱ्या गोळीने साखर धोकादायक खाली जाऊ शकते; हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला पोटॅशियम कमी होणे जिवावर बेतू शकते; थायरॉइडची गोळी किंवा गर्भनिरोधक गोळी पूर्ण शोषली जात नाही. गरोदर स्त्रियांना तर एरंडेलासारखी रेचके देऊच नयेत.

आपल्या वजनाचे काय, हा प्रश्न उरतोच. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३१ च्या जवळ आहे. आपल्याकडे २५ पासूनच स्थूलता धरतात, तेव्हा वजन घटवण्याचा आपला विचार योग्यच आहे. पुढील सहा महिन्यांत चार ते पाच किलो एवढेच उद्दिष्ट ठेवा. तेवढ्यानेही रक्तदाब उतरतो आणि कदाचित गोळीचे प्रमाण कमी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. आपण लिहिलेल्या दिनक्रमात भाजी जेमतेम शंभर ग्रॅम आहे, आणि शाळेतून आल्यावर चहाबरोबर फरसाण रोज आहे. सुरुवात तेथून करा. बार्शीकडची ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ हे ताट त्यासाठी फार चांगले आहे.

प्रश्न : आपल्या सदरात आयुर्वेदाविषयी नेहमी सावध लिहिले जाते. विरेचन ही पंचकर्मातील शास्त्रोक्त चिकित्सा आहे. कोठाशुद्धीला सरसकट नावे ठेवणे म्हणजे हजारो वर्षांचे ज्ञान नाकारणे नव्हे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मी आधुनिक वैद्यकाची डॉक्टर असल्याने या प्रश्नावर आमच्या रुग्णालयातील वैद्य सहकाऱ्यांशी सविस्तर बोलले, आणि सर्वांत कडक शब्द त्यांनीच वापरले. त्यांच्या मते असे डबे विकणे ही विरेचनाची थट्टा आहे. शास्त्रोक्त विरेचनापूर्वी रुग्णाची प्रकृती, बळ, अग्नी आणि कोठा मृदू आहे की क्रूर, म्हणजे जुलाब सहज होतात की प्रयासाने, हे पाहतात. तीन ते सात दिवस औषधी तूप देऊन स्नेहपान, मग अभ्यंग आणि स्वेदन म्हणजे घाम आणणारा शेक, त्यानंतर विरेचनाचा एक दिवस, आणि नंतर पुन्हा काही दिवस पेज, विलेपी, कढण असे चढत्या क्रमाने पथ्य. विरेचनाचे वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते, मोजले जातात आणि वैद्य जवळ असतो. पंधरा दिवस रोज रेचक, असे त्यात कोठेही नाही.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तर वमन-विरेचन बिघडले तर काय होते, यासाठी एक संपूर्ण अध्याय आहे आणि त्यात दहा व्यापदे, म्हणजे होणारे अपाय, सांगितली आहेत. गुदाशी कातरल्यासारख्या वेदना, छाती धरल्यासारखी होणे, अंग आखडणे, रक्त पडणे, ग्लानी ही त्यांतली काही. हजारो वर्षांच्या ज्ञानाचा दाखला द्यायचा तर हा अध्यायही त्यात धरायला हवा. डब्यावरच्या पत्रकात तो नेमका गळालेला असतो. स्थूलतेसाठी बळकट रुग्णाला शोधन, म्हणजे विरेचनासारखी शुद्धी, सांगितले आहे हे खरे, परंतु मुख्य भर पचायला जड पण पोषणाला कमी अशा आहारावर आणि क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामावर आहे. जव, सावा, कोद्रा, मूग, कुळीथ अशी धान्ये-कडधान्ये तेथे आली आहेत. हा सल्ला मला माझ्या आहारतज्ज्ञ सहकाऱ्यांच्या सल्ल्यापासून फार दूरचा वाटला नाही. आपल्याला विरेचन करून घ्यायचेच असेल, तर नोंदणीकृत वैद्यांकडे जाऊन, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी दाखवून करावे.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात राहते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत ‘स्लिमिंग टी’ची तीन पाकिटे आणि जुलाबाच्या गोळ्या सापडल्या. ती मुळात सडपातळच आहे. जेवल्याबरोबर ती न्हाणीघरात जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. विचारले तर चिडते. चहाच तर आहे, म्हणून सोडून द्यावे का?
— एक आई, नाशिक

उत्तर : सोडून देऊ नये, आणि रागावूही नये. अशा बहुतेक चहांमध्ये सोनामुखीच असते, तेव्हा तो चहा नाही, जुलाबाचा काढा आहे. परंतु मला चहापेक्षा पत्रातील इतर दोन गोष्टींची काळजी वाटते. सडपातळ असूनही वजन कमी करण्याचा ध्यास आणि जेवणानंतर न्हाणीघरात काढलेला वेळ, यांतून खाण्याशी निगडित मानसिक आजाराची शक्यता दिसते. या आजारात खाल्ल्याची अपराधी भावना ओकून किंवा जुलाब करून धुऊन काढण्याचा प्रयत्न होतो. जुलाबांनी कॅलरी फारशा जात नाहीत, हे वर लिहिलेच आहे. पोटॅशियम मात्र जाते आणि एकोणिसाव्या वर्षीही हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तिच्याशी वजनाविषयी, दिसण्याविषयी किंवा सापडलेल्या पाकिटांविषयी वाद घालू नका. ‘तुला अलीकडे चक्कर येते का, पाळी नियमित येते का, झोप लागते का’ येथून बोलणे सुरू करा. पाळी चुकली असेल, पाय सुजत असतील, गालांच्या मागच्या बाजूस लाळग्रंथी फुगल्यासारख्या दिसत असतील किंवा दातांचा वरचा थर झिजला असेल, तर दिरंगाई करू नका. रक्ततपासणी आणि हृदयाचा आलेख ही पहिली पायरी, आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट तिला जोडूनच. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आधी आपण स्वतः बोललात तरी चालेल. गोळ्या एकदम बंद केल्यावर काही दिवस पोट फुगणे, अंगावर सूज येणे आणि काटा वर जाणे हे तिला दिसेल व ती घाबरेल. हे पाणी आहे आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते, हे तिला डॉक्टरांकडून आधीच सांगितले गेले पाहिजे, नाहीतर पाकिटे परत येतात.

प्रश्न : आम्ही गोव्यात सुटीला जाणार आहोत. तेथील एका आरोग्यकेंद्राच्या पत्रकात नळीने कोमट पाणी व काढा सोडून मोठे आतडे धुण्याचा कार्यक्रम आहे. औषध पोटात घेण्यापेक्षा हे सुरक्षित असेल ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. वजनासाठी तर त्याचा उपयोग शून्य, आणि नळीमुळे दोन नवे धोके येतात. एक म्हणजे आतड्याला छिद्र पडणे, ज्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया लागते. दुसरा संसर्ग. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील एका उपचारकेंद्रात १९७८ ते १९८० या काळात अशा धुण्याच्या यंत्रातून अमीबाची लागण पसरली. किमान ३६ जणांना ती झाली, दहा जणांचे मोठे आतडे काढावे लागले आणि त्यांतले सहा जण दगावले. सुटीत समुद्रावर चालावे.

प्रश्न : ‘एका महिन्यात दहा किलो कमी, शंभर टक्के आयुर्वेदिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ अशी जाहिरात आमच्या गावातील केबलवर रोज लागते. परवाना असल्याशिवाय अशी जाहिरात करता येईल का? डबा खरा की बनावट, हे ओळखावे कसे?
— एक औषधविक्रेता, चाळीसगाव

उत्तर : आपण स्वतः औषधविक्रेते असल्याने हा प्रश्न विचारलात याचा विशेष आनंद झाला. परवाना असला तरी अशी जाहिरात करता येत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात ज्या आजारांवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे, त्यांत स्थूलताही आहे. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असावे लागतात. जमालगोट्यासारखी तीव्र द्रव्ये नियमावलीच्या ‘ई-१’ परिशिष्टात असून ती पोटात घ्यायच्या औषधात असल्यास वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापावी लागते. काही उत्पादने या अटी टाळण्यासाठी औषध म्हणून न येता पूरक आहार म्हणून येतात. त्यांवर चौदा अंकी अन्नपरवाना असतो, आणि लोक त्यालाच ‘सरकारमान्य औषध’ समजतात.

तरीही छापील यादीवर पूर्ण विसंबू नये. वनौषधींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या कॅप्सूलांत सिब्युट्रामिन हे रासायनिक औषध मिसळलेले अनेक देशांत वेळोवेळी पकडले गेले आहे. भूक मारणारे हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे बहुतेक देशांत मागे घेतले गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. जुनाट रेचक फिनॉल्फ्थॅलीनही अशा कॅप्सूलांत सापडले आहे. एखाद्या ‘आयुर्वेदिक’ गोळीने दोन दिवसांत भूक पार मेली, तोंड कोरडे पडले, छाती धडधडू लागली व झोप उडाली, तर ती गोळी संशयास्पद समजावी. उरलेला डबा फेकू नका. तो आणि पावती घेऊन जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पावतीच देत नसेल असा विक्रेता, हेही एक उत्तरच आहे.

प्रश्न : माझे वय ७२ वर्षे. सेवानिवृत्त झाल्यापासून, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, रोज रात्री एक मोठा चमचा सोनामुखीयुक्त चूर्ण घेतो. त्याशिवाय पोट साफ होत नाही. हल्ली पोट सुटल्यामुळे मुलाने कोठाशुद्धीचा मोठा कोर्स मागवला आहे. तो सुरू करू की चूर्णच चालू ठेवू?
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : मुलाला डबा परत करण्यास सांगा. सुटलेले पोट ही चरबी आहे, साठलेला मळ नाही. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, पुरुषांत ९० सेंटिमीटरपर्यंत ती असावी.

चूर्णाविषयी घाबरण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे सोनामुखी घेणाऱ्यांचे आतडे दुर्बिणीत चित्त्याच्या कातड्यासारखे काळपट दिसते, पण तो रंग निरुपद्रवी असतो आणि चूर्ण थांबवल्यावर काही महिन्यांत जातो. आधी एवढे पाहा की गेल्या काही महिन्यांत शौचाची सवय अचानक बदलली आहे का, रक्त पडते का, न सांगता वजन उतरते आहे का, हिमोग्लोबिन कमी झाले आहे का. यांपैकी काहीही असल्यास मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी प्रथम. नसल्यास थायरॉइड, पोटॅशियम आणि साखर तपासा आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. लोह, कॅल्शियम आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या स्वतःच मलावरोध करतात. रोजच झाली पाहिजे, ही अटही सोडून द्या. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांतले काहीही निरोगी माणसात असू शकते.

चूर्ण एकदम बंद करू नका. आधी दोन आठवडे, चूर्ण चालू ठेवूनच, संध्याकाळी एक मोठा चमचा इसबगोलाचा भुसा भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकू नये, तो घशात अडकतो. इतर गोळ्यांत आणि त्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून पिण्यास सांगितलेले असेल, तर हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यानंतर चूर्ण अर्ध्या चमच्यावर, आणखी दोन आठवड्यांनी पाव चमच्यावर, मग एक दिवसाआड. सकाळच्या चहानंतर वीस मिनिटांनी आतड्याला आपोआप हालचाल येते. ती वेळ वर्तमानपत्रात घालवू नये. कमोड वापरत असल्यास पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, म्हणजे उकिडवे बसल्यासारखा कोन मिळतो. पहिले आठ-दहा दिवस पोट जड वाटेल, चूर्णाच्या डब्याकडे हात जाईल. चार दिवस उलटूनही शौचास झाली नाही, तरच त्या रात्री जुन्या प्रमाणाच्या निम्मे घ्या, आणि दीड महिन्याने कसे चालले आहे ते कळवा.